पहाटे पावणेचारचा फोटो

जामसंड्याच्या तिठ्यावर माझं दुकान.
पासपोर्ट, लॅमिनेशन, मयताच्या फोटोला काँप्युटरमधून चंदनाचा हार.
अलीकडे हे एक वाढलंय:
लोक रात्रीच्या आभाळाचे फोटो आणतात, विचारतात,
"कुबलबाय, ह्या काय आसा?"

गवाणकर मास्तरांच्या फोटोत उजेडाची माळ निघाली,
मुंग्यांसारखी, एकामागून एक.
उपग्रह, मास्तर. एकाच खेपेत सोडलेले.
कोयंड्यांच्या नवरीच्या डोक्यावर हिरवा गोळा,
तिच्या आईने नारळ उतरवून ठेवला होता.
मी पट्टी घेतली, खांबावरच्या दिव्यापासून
फोटोच्या मध्यातून रेघ ओढली,
ती गोळ्यावर जाऊन टेकली.
भिंगातलं प्रतिबिंब, वहिनी. नारळाची सोलकढी करा.

तुटक रेघ म्हणजे विमान, तीस सेकंद डोळे मिचकावत गेलेलं.
नागमोडी म्हणजे काजवा,
नाहीतर बॅटरी घेऊन परसाकडे निघालेला कुणीतरी.
प्रत्येक फोटोत त्याच जागी बसलेला लाल कण
म्हणजे कॅमेरा आतून तापलाय, बाकी काही नाही.

मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू.
लहानपणी वेताळाच्या मशालींनी मला
भर मे महिन्यात गोधडीत कोंडलं होतं.
एकेक विझवताना बरं वाटतं.

पौषातल्या अवसेला पुण्याचा एक मुलगा
मृग मावळताना टिपायला
तांबळडेगच्या वाळूत रात्रभर बसला.
सकाळी दुकानात. डोळे लाल, पोटऱ्यांना वाळू.
कार्ड मी माझ्या काँप्युटरला लावलं.
पाण्यावर ढग, आणि ढगाच्या पोटात हिरवा उजेड,
आत कुणी कंदील धरून बसल्यासारखा.
खाली समुद्र काळा. होडी नाही, दिवा नाही.
"परग्रहावरचं काही..." तो हळू म्हणाला.
असावं, अशीच त्याची इच्छा होती.

बाकावर दाजी सारंग बसले होते,
मच्छीमार ओळखपत्राचा फोटो काढायला.
चष्मा वर सरकवला.
"परग्रह नाय रे झिला. जनरेटर आसा तो."

मग बाकीचं मी सांगितलं.
समुद्र वाकतो. बोट त्या वाकणापलीकडे, म्हणून दिसत नाही.
पण तिचे दिवे एवढे, की ढगाचा आरसा होतो.
दिव्याला बांगडा येतो, तारली येते,
तारलीची पोरंही येतात,
आणि जाळं कुणाचं वय विचारत नाही.
सकाळी दाजींची रापण वाळूवर येते
शेवाळ आणि चार कुर्ल्या घेऊन.

मुलाचा चेहरा उतरला.
दाजी मात्र उठून स्क्रीनजवळ आले.
"ह्येच्यात टायम असता ना?"
असतो. तीन पंचेचाळीस.
"आणि दिशा?"
तीही. मृगाचा पट्टा बुडतो तो थेट पश्चिमेला.
उजेड त्याच्या डाव्या हाताला, चार बोटं.
"मगे कागदार दी. तोंडान सांगून साहेब ऐकणत नाय."

आठ बाय दहाची प्रिंट काढली.
मागे तारीख लिहिली, वेळ लिहिली.
दिशा लिहिताना पेन थांबलं. रिफिल नवी होती.

माझा भाचा रोशन दिवाळीपासून दिव्याच्या होडीवर आहे.
मोठ्या बोटीपासून लांब, एकटा, जनरेटरच्या कुशीत.
होडी ढांगभर, उजेड जत्रेएवढा.
"मावशे, दिवसा निजलंय तरी पापण्यांत हिरवा दिसता,"
म्हणाला होता फोनवर, हसत.
त्याचा पहिला पासपोर्ट फोटो मीच काढला.
फ्लॅशला डोळे मिटायचा. तीनदा काढावा लागला.

लिहिलं. चार बोटं, दक्षिणेकडे.
दाजींनी प्रिंट पेपरात गुंडाळून काखेत धरली,
ओळखपत्राचे पैसे दिले,
तिचे मी घेतले नाहीत.

मुलगा अजून स्क्रीनपाशीच.
"आणि हे?"
पाणी संपतं त्या रेघेवर, टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका.
"कॅमेरा तापला असेल."
"मग पुढच्या फोटोतही असेल ना? त्याच जागी?"
असायला हवा.
त्याचं बोट माउसवर गेलं.
मी कार्ड ओढून काढलं, त्याच्या मुठीत दिलं,
म्हटलं, जा बाबा, लाइट जायची वेळ झाली.

त्या दिवशी ती गेली नाही.